बांधाकडच्या ओळी

भुईमूग टोकला की आठवडाभरात जमीन तडकायला लागते. बियाची दोन्ही दलं फुगून मातीची पापडी वर उचलतात आणि भेगेतून पांढरट-हिरवा कोंब दिसू लागतो. शेतकऱ्याच्या आधी तो लांडोरीला दिसतो. ती ओळीच्या तोंडाशी उभी राहते, पायानं माती मागं ओढते, फुगलेलं दल टिपते, एक पाऊल पुढं टाकते. पुन्हा माती, पुन्हा चोच. टोकण सरळ रेषेत आणि ठरावीक अंतरावर करावी, असं शेतकऱ्याला शिकवलं गेलं. त्या शिस्तीचा सगळ्यात चोख फायदा लांडोरीनं घेतलाय. तिला शोधत बसावं लागत नाही.

शिरूर तालुक्याच्या कोरड्या पट्ट्यात, मोराची चिंचोलीपासून फार लांब नसलेल्या एका वस्तीवर मी हे पाहत होते. ओढ्याकडच्या बांधावर बाभळी, चिंचेची दोन जुनी झाडं, अलीकडं दीड एकर रान. मालक चाळिशीचे, बोलायला मोकळे. त्यांनी हात करून दाखवलं. बांधापासून सहा ओळी जवळपास मोकळ्या, सातवी-आठवी विरळ, पुढं पीक एकसारखं. "रस्त्यानं जाणाऱ्याला वाटतं, रान बरं आलंय," ते म्हणाले. "ह्या सहा ओळींत दोनदा नांग्या भरल्या ताई. बी माझं, मजुरी माझी. मागनं भरलेलं उशिरा येतं, काढणीला शेंग कवळी राहते. म्हणजे गेल्यातच जमा."

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'शेजार' हा विषय कळवला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढं बहुधा चाळी आणि वाडे असतील. मला हा शेजारी आठवला. चार ते सहा किलो वजनाचा, पिसाऱ्यासकट दोन मीटरहून लांब, १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाच्या पंक्तीला बसलेला.

पायी येणारा

मोर उडू शकतो, पण उडायचा त्याला कंटाळा आहे. रात्री तो उंच झाडावर बसतो. उजाडायच्या सुमारास धप्पकन खाली उतरतो आणि चालत निघतो. चालण्याचा रस्ता ओढा, पाणंद, झुडपांची कड असा आडोशाआडोशानं जातो. म्हणून नुकसान सगळ्या शिवारात सारखं पडत नाही. ज्याचं रान ओढ्याला, डोंगराला किंवा मोठ्या झाडांना लागून, त्याच्याच बांधाकडच्या ओळी जातात. मधल्या रानाच्या मालकाला मोर म्हणजे सकाळचा केकारव, आणि कडेच्या मालकाला मोर म्हणजे दुबार बियाणं. एकाच गावात मोराबद्दल दोन मतं ऐकू येतात. ती ऐकताना कोणाचं रान कुठं आहे, एवढं विचारलं की पुष्कळ उलगडा होतो.

खाण्याचंही वेळापत्रक आहे. पेरणीनंतर बी आणि कोंब. मग कोवळी पानं आणि शेंडे. हरभऱ्याचे घाटे भरायला लागले की घाटे. बाजरी-गहू चिकात आले की कणसं, काढणीच्या वेळी सांडलेलं धान्य. भाजीपाल्यात टोमॅटो लाल झाला की चोच मारलीच. एक फळ पुरं खाऊन मग दुसरं, असा हिशोब नसतो. टोचलेला प्रत्येक टोमॅटो बाजारातून बाद होतो. पोटात गेलेल्यापेक्षा वाया गेलेलं जास्त.

वर तुडवणं वेगळं. नराला पिसारा फुलवायला मोकळी, सपाट जागा लागते आणि विणीचा हंगाम उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्यात पसरलेला. जून-जुलैत नुकतं उगवलेलं रान ही त्याला आयती मिळालेली जागा. एकच नर त्याच ठिकाणी रोज येतो, गोल फिरतो, माद्या भोवती टिपत राहतात. शहरातून आलेले पाहुणे ज्याचा व्हिडिओ काढतात, त्या नाचाच्या खाली कोणाची तरी मटकी असते.

कोकणात वेंगुर्ल्याच्या बाजूला एका परड्यात मिरचीचे वाफे होते, त्यावर मासेमारीचं जुनं जाळं ताणलेलं. तिखट पिकाला जाळं कशाला, असं मी विचारलं. वाफे शिंपत असलेल्या आजी हसल्या. "गो बाय, मोराक मिरसांग तिखट लागणा नाय." त्यांचं निरीक्षण शास्त्राला धरून आहे. मिरचीतला जो घटक आपल्या जिभेला झोंबतो, तो पक्ष्यांना जाणवतच नाही. रानात मिरचीचं बी पसरवण्याचं काम मुळात पक्ष्यांचंच. परड्यात मात्र ही निसर्गाची सोय आजींच्या अंगावर येते.

मोराची बाजूही मांडायला हवी. तो नाकतोडे, अळ्या, वाळवी, सरडे, लहान साप खातो. नांगरटीनंतर उघडी पडलेली हुमणी वेचतो. पिल्लं लहान असताना तर किडेच जास्त. शिवाय सगळा दोष त्याच्याच माथी मारला जातो, कारण तो दिवसाउजेडी, सगळ्यांच्या नजरेसमोर खातो. रात्री रानडुकरं येऊन गेलेल्या रानात सकाळी मोर उभा दिसला की आळ त्याच्यावर. जाणकार शेतकरी फरक ओळखतात. डुकरानं माती खोल उलथलेली असते, कावळ्यानं रोप उपटून टाकलेलं असतं, मोराच्या जागी उथळ खळगे आणि तीन बोटांचा ठसा. पण किडे खाल्ल्यानं झालेला फायदा आणि कोंब खाल्ल्यानं झालेला तोटा यांची वजाबाकी करायला कोणी बसत नाही. फायदा सगळ्या शिवाराला थोडा थोडा मिळतो. तोटा एकाच बांधाला बसतो.

वाढले कुठून

'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा देशभरातल्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेला अहवाल २०२३ मध्ये आला. सुमारे तीन कोटी नोंदी, ९४२ जाती. चित्र एकंदरीत उदास आहे: दीर्घ काळाचा कल ज्यांच्याबाबत काढता आला त्या ३३८ जातींपैकी ६० टक्के घटल्या. माळरानावरचे, शिकारी, पाणथळीतले पक्षी उतरणीला. या उतरणीत जे थोडे झपाट्यानं चढले त्यांत कोकीळ, पारवा आणि कावळ्याबरोबर मोर आहे.

का वाढला, याची उत्तरं एकात एक गुंतलेली आहेत. शिकार जवळजवळ थांबली. मोर मारला तर तीन ते सात वर्षांची शिक्षा आहे, आणि कायद्याच्याही आधीपासून सरस्वती आणि कार्तिकेयाच्या वाहनाला हात लावायला माणूस कचरत आला आहे. कोरड्या भागात कालवे, शेततळी, ठिबक आलं. भर उन्हाळ्यात पिण्याचं पाणी आणि हिरवा चारा दोन्ही मिळू लागलं. उसानं बारमाही आडोसा दिला. लांडोर घरटं जमिनीवर करते, चार ते आठ अंडी घालते, महिनाभर उबवते. या महिन्यात तिची अंडी फस्त करणारे मुंगूस आणि घोरपड, तिच्यावर झडप घालणारे कोल्हे आणि रानमांजरं बऱ्याच शिवारांत विरळ झाली. त्यांची जागा गावकुत्र्यांनी काही प्रमाणात घेतली आहे, पण उसाच्या फडात कुत्रं खोल शिरत नाही.

केरळची गोष्ट या संदर्भात मुद्दाम सांगावी अशी आहे. सलीम अलींनी १९३३ मध्ये त्रावणकोर-कोचीन संस्थानांतल्या पक्ष्यांची पाहणी केली तेव्हा त्यांना मोर आढळला नव्हता. कोरडं, विरळ झाडीचं रान हा मोराचा आवडता मुलूख, आणि केरळ ओलं. आज पालक्काड जिल्ह्यात चूलन्नूरला मोरांचं अभयारण्य आहे आणि भातशेती करणारे मोरांमुळे हैराण आहेत. श्रीलंकेत मामला आणखी पुढं गेला. मार्च २०२५ मध्ये सरकारनं देशभरातल्या लोकांना सांगितलं, सकाळी आठ वाजता पाच मिनिटं आपापल्या रानात, परसात उभे राहा आणि पिकं खाणारे प्राणी मोजा: माकडं, शेकरू, रानडुकरं आणि मोर. मोरांचा आकडा चाळीस लाखांच्या वर निघाला. पाच मिनिटांच्या मोजणीवर टीका व्हायची ती झाली. पण मोराला नुकसान करणाऱ्यांच्या यादीत सरकारी कागदावर बसवायचं धाडस त्यांनी केलं, हे मला जास्त लक्षात राहिलं.

आपल्याकडं महाराष्ट्रात उलटी वाट दिसते. बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात नायगावला १९९४ मध्ये मयूर अभयारण्य झालं, साधारण तीस चौरस किलोमीटरचं. मोराची चिंचोली तर मोरांवर उभी राहिली. चिंचेची जुनी झाडं, त्यांवर रात्रीचा मुक्काम, सुटीच्या दिवशी पुण्या-मुंबईच्या गाड्या, हुरडा, पिठलं-भाकरी, बैलगाडीची फेरी. गावकरी उन्हाळ्यात मोरांना दाणा-पाणी ठेवतात आणि त्याचा त्यांना योग्य अभिमान आहे. फक्त मोराला गावाची शीव ठाऊक नसते. ज्याच्या अंगणात कृषी पर्यटनाची पाटी आहे त्याला मोर उत्पन्न देतो. पाटी नसलेल्या शेजाऱ्याच्या रानात तोच मोर न्याहारीला येतो. मी विचारलं तेव्हा त्या भुईमुगाच्या मालकांनी तक्रारीचा सूर लावला नाही. "त्यांचा धंदा चालतोय, चालू दे," म्हणाले. मग थोडं थांबून, "आमच्याकडनं खुराक जातोय, एवढंच."

राखण

मोर हुसकणं अवघड नाही. हाक मारली, डबा बडवला, गोफण फिरवली की तो पळतो. अवघड आहे ते हजर असणं. उजाडतानाचे दोन तास आणि मावळतीचे दोन तास, उगवणीच्या दिवसांत रोज. पुन्हा दाणे भरायच्या दिवसांत रोज. पूर्वी ही राखण घरातल्या पोरांकडं आणि म्हाताऱ्यांकडं असायची. पोरं आता सकाळी शाळेच्या गाडीची वाट बघत उभी असतात आणि ती तशी असावीत हेच बरं. मजूर राखणीला ठेवायचा तर सहा ओळींच्या भुईमुगापेक्षा त्याची मजुरी जास्त.

शिरूर-जुन्नरच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट आहे, ती पक्ष्यांवरच्या कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. मोर रानात उतरण्याची वेळ तीच उसातून बिबट्या बाहेर असण्याची वेळ. या भागात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, लहान मुलं गेली. ज्या घरात ही धास्ती शिरली आहे, तिथली बाई अंधुक उजेडात एकटी बांधावर जाऊन 'हुर्रर्र' करणार नाही. जाऊही नये. त्या वस्तीवरच्या सासूबाईंनी ते एका वाक्यात संपवलं: "दाणं गेलं तर गेलं, माणूस पाहिजे." मोरांच्या नुकसानीत बिबट्याचा हा वाटा धरायला कुठल्याच पाहणीत रकाना नाही.

माणसाऐवजी मग वस्तू उभ्या राहतात. बांधाच्या कडेनं ताणलेल्या जुन्या साड्या सगळीकडं दिसतात; त्या मुळात डुकरांसाठी, मोर त्यांच्याखालून वाकून येतो. जुन्या कॅसेटची फीत ताणली की वाऱ्यानं गुणगुणते. लाल-चंदेरी चमकणाऱ्या फिती विकत मिळतात. शेतीतल्या पक्ष्यांचा अभ्यास करण्यासाठी भारतीय कृषी संशोधन परिषदेचा एक देशव्यापी प्रकल्प आहे, हैदराबाद, आणंद, लुधियाना अशा ठिकाणी त्याची केंद्रं. फितीसारखे साधे उपाय तपासून शेतकऱ्यांपर्यंत नेण्याचं काम त्यातून झालं. त्या उपायांचं मर्म एवढंच की ते योग्य आठवड्यात लावावे, पक्षी सरावायच्या आत काढावे आणि आलटून-पालटून वापरावे. आपल्याकडं बुजगावणं पेरणीला उभं राहतं ते काढणीला पडतं. तोवर मोर त्याच्या सावलीत बसायला शिकलेला असतो.

जाळं उत्तम, पण दीड एकराला जाळं घालायचं तर भुईमुगाचं अर्थकारण तिथंच मोडतं. मिरचीचे वाफे आणि रोपवाटिका यांनाच ते परवडतं. झटका मशीनच्या तारा डुकराला अडवतात. मोर एक झेप घेतो की आत.

आणि मग एक उपाय आहे, ज्याबद्दल बोलताना माणसं आवाज खाली आणतात. बियाण्याला लावलेलं कीटकनाशक, किंवा मुद्दाम औषधात भिजवून बांधावर टाकलेला दाणा. तमिळनाडूत मदुराईजवळ २०१८ मध्ये अशा विषबाधेत चाळीसहून अधिक मोर एकाच वेळी मेले. महाराष्ट्रातही मोर मेल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. काही वेळा हेतू असतो, काही वेळा फक्त प्रक्रिया केलेलं बी उघडं राहिलेलं असतं. मेलेल्या पक्ष्यावरून दोन्हींतला फरक कळत नाही. गुन्हा मोठा आहे आणि शिक्षाही. पण सगळे कायदेशीर मार्ग महाग, दमवणारे किंवा बिबट्याच्या वाटेवरचे असतील, तर स्वस्त मार्ग कोणता उरतो हे ओळखायला फार अक्कल लागत नाही.

पंचनाम्यात काय लिहायचं

गोव्यात फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्कालीन कृषिमंत्र्यांनी मोराला उपद्रवी प्राण्यांच्या यादीत घालण्याचा विचार बोलून दाखवला. डोंगरउतारावरचे शेतकरी तक्रार करत होते, तक्रार खरी होती. पण त्याच सुमारास गोवा सरकारनं माडाला कायद्यातल्या झाडांच्या व्याख्येतून वगळल्यामुळे देशभर थट्टा चालू होती. आता मोराची भर पडली. राष्ट्रीय पक्षी उपद्रवी कसा, यावर चार दिवस चर्चा रंगली आणि विषय मिटला. खरं तर तो मुळातच उभा राहणारा नव्हता. वन्यजीव कायद्याच्या ज्या ६२व्या कलमाखाली केंद्र सरकार एखाद्या प्राण्याला उपद्रवी ठरवू शकतं, त्या कलमातच पहिल्या अनुसूचीतले प्राणी वगळलेले आहेत. हसण्यावारी गेलेल्या त्या प्रस्तावानं शेतकऱ्याचं एक नुकसान केलं: मोराची तक्रार करणारा माणूस हास्यास्पद ठरू लागला.

मारायचं नाही, हे ठरलेलं आहे आणि मला ते मान्य आहे. मग भरपाई? महाराष्ट्रात वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकनुकसानीबद्दल वनखातं पैसे देतं. त्यासाठीच्या निर्णयांत वर्षानुवर्षं जी नावं दिसत आली ती रानडुक्कर, हरीण, रोही, गवा, माकड-वानर, हत्ती यांची. सगळे चार पायांचे. भरपाईची सारी रीत त्यांच्यावर बेतलेली: ठसे, विष्ठा, मोडलेलं पीक, पंच, सह्या. मोराच्या उथळ खळग्यांवर दुपारी वाऱ्यानं माती सरकते आणि पंचनामा करायला कोणी येईपर्यंत तिथं फक्त उगवण कमी दिसते. उगवण कमी असण्याचा दोष मग बियाण्यावर जातो, नाहीतर शेतकऱ्यावर.

पीक विम्याचं गणित आणखी निराळं होतं, कारण विमा महसूल मंडळाची सरासरी बघतो. सहा ओळी गेल्यानं मंडळाची सरासरी हलत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रानं जाहीर केलं की खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान हे पंतप्रधान पीक विमा योजनेत स्थानिक आपत्ती म्हणून धरलं जाईल. नुकसान झाल्यापासून ७२ तासांत अ‍ॅपवर फोटोसह कळवायचं. कोणते प्राणी धरायचे, त्याची यादी राज्यांनी करायची. मोराची खरी परीक्षा त्या यादीत आहे. नाव आलं तरी सहा ओळींसाठी कोण अ‍ॅप उघडून बसेल, ही शंका आहेच. तरीही नाव यायला हवं, असं मला वाटतं. ज्याला मारता येत नाही आणि ज्याच्याबद्दल कागदावर तक्रारही करता येत नाही, त्याच्याविषयी शेतकऱ्यानं किती काळ फक्त भाविक राहायचं?

धानातलं घरटं

मोठ्या पक्ष्याचा बोजा एकाच माणसावर कसा पडतो, याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण शिरूरमध्ये नाही, गोंदियात आहे. सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांतला सर्वांत उंच, पाच-सहा फुटांचा. महाराष्ट्रात तो उरलाय तो मुख्यतः गोंदियात, थोडा भंडाऱ्यात. अलीकडच्या गणनांत संख्या चाळीसच्या आसपास किंवा त्याखालीच राहिली. मोराचं दुखणं संख्या वाढल्याचं, सारसाचं संख्या संपत आल्याची भीती. शेतकऱ्याच्या बाजूनं मात्र दोन्हींत फार अंतर नाही.

सारस रोवणीनंतर पाण्यानं भरलेल्या बांधीत घरटं करतो. भोवतालची रोपं, गवत उपटून ढीग रचतो. ढिगाभोवती मोकळ्या पाण्याचं कडं तयार होतं. घरटं सहज दोन मीटर रुंद. साधारण दोन अंडी, महिन्याहून थोडी जास्त उबवणी, आणि पिल्लांना उडता यायला आणखी तीनेक महिने. तेवढा काळ सगळं कुटुंब धानातून पायी हिंडतं. जोडी आपल्या हद्दीत दुसरी जोडी येऊ देत नाही, त्यामुळे थव्यानं पीक फस्त करणं नाही. पण पुढच्या पावसाळ्यात ती पुष्कळदा त्याच परिसरात परतते. मोठ्या शेतकऱ्याला घरट्याची जागा कळतही नाही. ज्याच्याकडं दोनच बांध्या, त्याला ती पुरती कळते. घरटं दिसताच मोडून टाकणं ही पूर्वी सर्रास चालणारी गोष्ट होती. 'सेवा' या गोंदियातल्या संस्थेच्या माणसांनी आणि गावोगावच्या सारसमित्रांनी वर्षानुवर्षं धुऱ्यांवर हिंडून, घरटी शोधून, शेतकऱ्यांशी बोलून हे बरंच थांबवलं. त्यांची रीत मला आवडली, कारण ती जिल्ह्याची सरासरी काढत नाही. थेट ज्याच्या बांधीत घरटं आहे त्याच्याकडं जाते.

बाघ नदीच्या बाजूच्या एका गावात, घरटं राखल्याबद्दल कार्यक्रमात सत्कार झालेले एक काका भेटले. भिंतीवर फ्रेम होती. सारसाबद्दल ते प्रेमानं बोलत होते: नर-मादी पाळीपाळीनं कसे बसतात, कुत्रं आलं की दोघं मिळून पंख पसरून कसे धावतात. मी विचारलं, घरट्यानं धान किती गेलं? त्यांनी हातानं बांधीचा एक कोपरा दाखवला, मग आत जाऊन घडी न मोडलेली शाल आणून माझ्यापुढं ठेवली.

"चांगला पक्षी आहे, राहू द्या," ते म्हणाले. "पण मॅडम, तुमच्या अंकात एवढं लिहा. पुढच्या साली शाल नका देऊ म्हणा, दोन बोऱ्या युरिया द्या. अन् रोवणीच्या आधी द्या."